कचरामुक्त परिषद आणि कमी कार्बनची परिषद: दोन वेगळे हिशोब

कंपन्यांच्या बैठका, मेळावे, परिषदा भरवणं हे माझं रोजचं काम. कार्यक्रम संपला की मी मुद्दाम हॉलच्या मागच्या बाजूला, भांडी घासायच्या जागेपाशी जाते. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या दोन दिवसांच्या एका विक्रेता मेळाव्यानंतर तिथे एक मावशी उकिडव्या बसल्या होत्या. समोर पाण्याच्या छोट्या बाटल्यांचा ढीग. एकेक बाटली उचलायची, झाकण फिरवायचं, उरलेलं पाणी बादलीत ओतायचं, बाटली पायाखाली चेपायची, गोणीत टाकायची. पाणी राहिलेली बाटली भंगारवाला घेत नाही, म्हणाल्या. कितीतरी बाटल्या अर्ध्याही प्यायलेल्या नव्हत्या. माझ्यादेखत बादली दोनदा भरली.

पुढच्या वर्षी त्या आयोजकांनी बाटल्या बंद केल्या. पाण्याचे जार आले, स्टीलचे पेले आले, नाश्त्याला पोफळीच्या विरीच्या ताटल्या आल्या. ‘यंदाची आपली परिषद पर्यावरणपूरक आहे’ असं मंचावरून जाहीर झालं, टाळ्या पडल्या, मलाही मनापासून आनंद झाला. पण त्याच वर्षी परिषद शहरातून हलून डोंगरातल्या एका रिसॉर्टवर गेली होती. निसर्गाच्या सान्निध्यात, खत करायचा खड्डा असलेलं, कचऱ्याच्या बाबतीत अगदी चोख ठिकाण. तिथे बस जात नव्हती. जो तो आपापल्या गाडीने आला, आणि बहुतेक गाड्यांत एकच माणूस होता.

मग ही परिषद आदल्या वर्षीपेक्षा हिरवी होती का? कचऱ्याचं विचारत असाल तर होती, कार्बनचं विचारत असाल तर नव्हती. आपण हे दोन प्रश्न सर्रास एकच समजतो, आणि तिथेच मेहनत भलत्या ठिकाणी खर्च होते.

कचरामुक्त परिषद, म्हणजे ज्याला झीरो वेस्ट म्हणतात ती, कार्यक्रमातून बाहेर पडणाऱ्या वस्तूंचा हिशोब ठेवते. किती किलो ओला कचरा निघाला, किती सुका, त्यातला किती खताला किंवा पुनर्वापराला गेला आणि किती डेपोवर गेला. निदान ९० टक्के कचरा डेपोपासून वाचला तरच हे नाव लावायचं, असा प्रघात आहे. हा हिशोब डोळ्यांना दिसतो, काट्यावर तोलता येतो. कमी कार्बनची परिषद दुसरा हिशोब ठेवते: या कार्यक्रमापायी किती इंधन जळलं, किती वीज लागली, किती हरितगृह वायू हवेत गेले. तो दिसत नाही, आणि त्यातला बहुतेक भाग पाहुणे दारात पाऊल ठेवण्याआधीच होऊन गेलेला असतो.

आकडे घालून पाहू. पुण्यात २०० जणांची दोन दिवसांची परिषद आहे असं धरा. दर माणशी दिवसाला पाच छोट्या बाटल्या, म्हणजे एकूण २,००० बाटल्या. एका बाटलीचं प्लास्टिक साधारण १० ग्रॅम. ती बनवणं, भरणं, टेम्पोने आणणं असं सगळं धरून बाटलीमागे १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पकडला, तरी २,००० बाटल्यांचे झाले २०० किलो. आता दिल्लीहून विमानाने पुण्याला येऊन परत जाणारा एक माणूस घ्या. त्याच्या वाट्याचं उत्सर्जनही साधारण २०० किलोच. सगळ्या परिषदेच्या सगळ्या बाटल्या एका पारड्यात आणि दिल्लीचा एक पाहुणा दुसऱ्यात, तरी काटा जवळपास मधोमध राहतो. असे विमानाने येणारे ३० जण असतील तर सहा टन तिथेच झाले.

मुंबईहून गाडीने येणाऱ्याचं गणित त्याहून सोपं. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तर २० लिटर पेट्रोल. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका गाडीचे ४६ किलो. असे ४० जण एकेकटे आले तर १,८४० किलो. तेच ४० जण एका डिझेल बसने आले आणि बसने लिटरला चार किलोमीटर दिले, तर ७५ लिटर डिझेल, म्हणजे सगळ्यांचे मिळून सुमारे २०० किलो. सकाळच्या रेल्वेने आले तर तेवढेही नाहीत. हॉलच्या विजेचं म्हणाल तर १०० किलोवॅटचा भार रोज नऊ तास चालला असं धरा. दोन दिवसांत १,८०० युनिट होतात. आपल्याकडे एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा हे झाले सव्वा टन.

जेवण आणि हॉटेलातला मुक्काम बाजूला ठेवून ही बेरीज केली तर चार-पंचमांशाहून जास्त वाटा एकट्या प्रवासाचा निघतो. माझे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या कार्यक्रमाचे वेगळे येतील. पाहुण्यांत विमानाने येणारे जास्त असतील तर हा वाटा आणखी वाढेल.

मोठ्या परिषदांत ही तफावत किती टोकाला जाते, ते अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या २०१९ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वार्षिक परिषदेच्या हिशोबावरून कळतं. पृथ्वीविज्ञानाचे २८,००० अभ्यासक तिथे जमले होते. संशोधकांनी मांडलेल्या अंदाजानुसार त्यांचा जाण्यायेण्याचा एकूण प्रवास २८.५ कोटी किलोमीटर भरला, म्हणजे पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या जवळपास दुप्पट. उत्सर्जन सुमारे ८०,००० टन, माणशी तीन टनांच्या घरात. हीच परिषद शिकागोसारख्या मध्यवर्ती शहरात घेतली असती तर त्यात १२ टक्के घट झाली असती. फक्त गाव बदलून. तिथे चहाचे कप कशाचे होते याने या आकड्याला काडीचाही फरक पडला नसता. आणि जमलेली मंडळी हवामान समजणारी होती, म्हणजे माहितीच्या अभावाने हे होत नाही.

ऑनलाइन बैठकीलाही सर्व्हर आणि वीज लागतेच, मग फरक तो काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. फरक फार मोठा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार तासभर व्हिडिओ पाहण्यामागे साधारण ३६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. समोरासमोरची परिषद पूर्ण ऑनलाइन नेली तर कार्बन पाऊलखूण, म्हणजे तिच्यापायी होणारं एकूण उत्सर्जन, ९४ टक्के कमी होते, आणि नीट आखलेल्या मिश्र परिषदेत, म्हणजे जागोजागी छोटी केंद्रं ठेवून निम्म्याहून जास्त लोक प्रत्यक्ष भेटत असतानाही, ती दोन-तृतीयांशाने खाली आणता येते, असा निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. तरी सगळंच पडद्यावर न्या असं मी सांगणार नाही. नव्या विक्रेत्याशी चहाच्या टेबलावर जो विश्वास जमतो तो पडद्यावर जमत नाही, हे मी पाहिलंय. पण तिमाही आढाव्याच्या दीड तासासाठी सहा जणांना विमानाने बोलावणं बंद करता येतं. वर्षातल्या चार भेटींपैकी एक प्रत्यक्ष आणि तीन ऑनलाइन असंही चालतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग बाटल्या राहू द्या की! तसं अजिबात नाही. कार्बनच्या हिशोबात हलकी असलेली बाटली कचऱ्याच्या हिशोबात भारी असते, कारण कचऱ्याचा त्रास टनांत मोजून संपत नाही. तो ठरावीक माणसांच्या अंगावर, ठरावीक वस्त्यांच्या शेजारी जाऊन पडतो. मुंबईत देवनारचा डेपो जानेवारी २०१६ मध्ये पेटला तेव्हा धूर दिवसचे दिवस शहरावर राहिला, आणि सगळ्यात जास्त डेपोला लागून राहणाऱ्यांनी सोसला. म्हणून कचऱ्याचा हिशोब वेगळा आणि स्वतःच्या हक्काने ठेवायला हवा.

शिवाय इथे कायदाही आहे. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी मार्च २०१८ मध्ये आली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, ढवळण्या बंद झाल्या. परिषदवाल्यांनी लक्षात ठेवायचं म्हणजे १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे किंवा पीव्हीसीचे बॅनरही त्याच यादीत आहेत. मी कापडी बॅनर करायला सांगते आणि त्यावर वर्ष व तारीख छापू देत नाही, म्हणजे तेच पाच वर्षं चालतं.

कचऱ्यातही एक फसवी जागा आहे: ‘कंपोस्टेबल’ लिहिलेला कप. मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलए दिसायला साध्या प्लास्टिकसारखंच. ते नीट कुजायला साठ अंशांच्या आसपास तापमान टिकवून ठेवणारा मोठा खतप्रकल्प लागतो. सोसायटीच्या खड्ड्यात ते महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं आणि भंगारात गेलं तर चांगल्या प्लास्टिकचा लॉट बिघडवतं. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तोही ना धड ओला, ना धड सुका. तुमच्या गावात तो प्रकल्प नसेल तर कंपोस्टेबल कपाचे जास्तीचे पैसे वाया जातात. मंडपवाल्याकडून स्टीलची भांडी भाड्याने घ्या. धुवायला पाणी लागतं, घासायला माणसं लागतात, ते खर्चात धरा. पळसाची किंवा विरीची पत्रावळ ही त्यानंतरची निवड.

दोन्ही हिशोब खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते जेवणात. डेपोच्या ढिगात दबलेलं अन्न हवेविना सडतं आणि मिथेन सोडतं. शंभर वर्षांचा काळ धरला तर मिथेनची उष्णता धरून ठेवायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटींच्या आसपास. शिवाय ते अन्न पिकवायला, आणायला, शिजवायला लागलेलं इंधनही फुकट. म्हणजे टाकलेला एक डबा पुलाव दोन्हीकडे खर्ची पडतो. माझा अनुभव असा की बुफेत ताटं भरभरून घेतली जातात आणि टाकली जातात. वाढप्यांनी आग्रह न करता वाढलेल्या पंगतीत पानं जवळपास स्वच्छ उठतात. मोठ्या परिषदेत पंगत जमत नाही, तिथे निदान ताटल्या लहान ठेवा, आणि केटररला नोंदणीच्या आकड्यावर न जाता सकाळच्या हजेरीचा आकडा दहा वाजता कळवा. मटण कमी केलं तर कार्बनचं पारडं आणखी हलकं होतं.

झाडं लावून किंवा कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्या कुणी कमी केलेल्या उत्सर्जनाचं श्रेय, विकत घेऊन परिषद ‘न्यूट्रल’ झाल्याचं, म्हणजे तिचं उत्सर्जन फिटल्याचं सांगतात, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आधी प्रवास कमी करा, उरेल त्याचं बघू. आज जळलेलं पेट्रोल आज हवेत गेलं, रोपाला मोठं व्हायला वर्षं लागतात. आयएसओ २०१२१ हे पर्यावरणाचं भान ठेवून कार्यक्रम भरवण्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानकही चांगलं आहे, लंडन ऑलिंपिकच्या वर्षी ते आलं. पण ते काम करण्याची पद्धत ठरवून देतं, किलोंची मर्यादा घालत नाही. तेव्हा प्रमाणपत्र दाखवणाऱ्या हॉलला दोन्ही आकडे वेगवेगळे विचारा.

या दोन हिशोबांचे निर्णय वेगवेगळ्या वेळी होतात, हेही ध्यानात ठेवावं. कार्बनचा निर्णय तीन-चार महिने आधी, गाव आणि हॉल ठरतानाच होऊन जातो. म्हणून आयोजकांचा पहिला फोन आला की मी विचारते, लोक कुठून येणार? बहुतेक मुंबईचे असतील तर पुण्याचा हट्ट कशाला? पुण्यातच घ्यायची तर स्टेशनपासून किंवा मेट्रोपासून चालत जाता येईल असा हॉल बघू. रेल्वेच्या वेळा बघूनच उद्घाटन ठेवू. नोंदणीच्या अर्जात ‘कशाने येणार?’ हा रकाना टाकला की बस किती लागतील ते लगेच कळतं. हॉलचा करार करताना एसी २४ अंशांवर ठेवायची अट घालते. थर्मोस्टॅट एक अंश वर नेला की एसीच्या विजेत सुमारे सहा टक्के बचत होते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

कचऱ्याचे निर्णय शेवटच्या आठवड्यात आणि प्रत्यक्ष दिवशी होतात, आणि ते पार पाडणारी माणसं मंचावर नसतात. ओल्या-सुक्याचे डबे नुसते ठेवून भागत नाही. पहिल्या चहापासून डब्यांपाशी एक माणूस उभा हवा, नाहीतर अर्ध्या तासात टिशू आणि समोसा एकाच डब्यात जातात. सफाईच्या मावशींना आदल्या दिवशी बोलवावं, कोणता डबा कुठे जाणार ते त्यांनाच विचारून ठरवावं, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. हातमोजे द्यावेत, बसायला स्टूल द्यावं. आणि वर्गीकरणाला लागणारे दोन-तीन तास त्यांच्या मजुरीत धरावेत. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक अंदाजपत्रकांत मंचावरच्या फुलांसाठी ओळ असते, या कामासाठी नसते. ती मी हाताने लिहून घालते.