टाळू सांधते कधी आणि रुंदावते कधी

जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांमागे नेलं की हिरडीलगत एक छोटा मऊ उंचवटा लागतो. त्याच्या वरच्या हाडात एक छिद्र असतं. गर्भात टाळूचे तीन तुकडे साधारण इथेच येऊन भिडलेले असतात: पुढचा लहान त्रिकोणी आणि मागचे दोन, डावा व उजवा. टाळूच्या मध्यावरून पडजिभेकडे जाणारी रेघ ही त्या डाव्या-उजव्या तुकड्यांच्या सांध्याची खूण.

पुढचा तुकडा वरच्या ओठाबरोबरच, गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या आठवड्यात तयार होतो. वरचे चारही पटाशीचे दात पुढे याच तुकड्यात येतात. मागच्या दोघांचं काम अवघड आहे. त्या वेळी नाक आणि तोंड मिळून एकच पोकळी असते आणि ती जिभेने जवळपास भरलेली असते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी फुटलेले टाळूचे पडदे आडवे वाढू शकत नाहीत. ते जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत वाढतात. सातव्या-आठव्या आठवड्यात खालचा जबडा पुढे वाढतो, जीभ खाली उतरते आणि हे पडदे खिडकीच्या झडपांसारखे उचलले जाऊन आडवे होतात. उचलण्याचा जोर पडद्यांच्या आतूनही येतो. त्यांच्यात साठलेलं हायलुरोनिक आम्ल पाणी धरून ठेवतं आणि पडदे फुगून ताठ होतात.

पण कडांना कडा लागल्या म्हणजे टाळू जुळली असं नाही. दोन्ही कडांवर पेशींचं अस्तर असतं. ते मधून पूर्ण नाहीसं झालं तरच आतल्या ऊती एकजीव होतात. टीजीएफ-बीटा ३ हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या पिल्लांमध्ये पडदे एकमेकांपर्यंत पोचतात, तरी नीट जुळत नाहीत आणि टाळू दुभंगलेली राहते. खालचा जबडा फारच लहान राहिला तर बिघाड वेगळा: जीभ वरच अडकते, पडदे उचललेच जात नाहीत आणि इंग्रजी ‘यू’च्या आकाराची रुंद फट उरते. मुलींमध्ये पडदे जुळायला मुलांपेक्षा साधारण आठवडाभर उशीर होतो. ओठ शाबूत पण टाळू दुभंगलेली, हा प्रकार मुलींत जास्त दिसतो तो बहुधा यामुळेच. फाटलेला ओठ मात्र मुलांत जास्त, आणि बहुतेकदा डाव्या बाजूला.

जुळणी पुढून मागे सरकत जाते आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास पडजिभेशी संपते. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने चौदावा आठवडा. सातव्या महिन्यात ग्रहण आलं आणि आईने विळी हातात घेतली म्हणून बाळाचा ओठ चिरला, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. ओठाचं काम त्याच्या कितीतरी महिने आधीच आटोपलेलं असतं. आईला दोष देण्यापेक्षा फिट्सवरच्या काही गोळ्या आणि तंबाखूचा धूर यांबद्दल विचारणं जास्त उपयोगाचं. अर्थात फिट्सची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ती बदलता येते का ते पाहायचं.

सोनोग्राफीत ओठाची फट बहुधा कळते, एकट्या टाळूची पुष्कळदा सुटते. त्यामुळे जन्मल्यावर बाळाच्या तोंडात बॅटरीच्या उजेडात पडजिभेपर्यंत पाहायला हवं आणि बोटानेही चाचपायला हवं. कधी वरची त्वचा जुळलेली असते, पण आतले स्नायू दुभंगलेले असतात. अशा वेळी पडजीभ दुहेरी दिसते, मध्यावर निळसर रेघ असते आणि कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला खाच लागते. दूध नाकातून येतं, आणि पुढे ‘बाबा’ म्हणताना हवा नाकातून निसटून ‘मामा’ ऐकू येतं. अशा मुलाच्या नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड गाठी काढण्याआधी टाळू तपासलीच पाहिजे. मऊ टाळू त्याच गाठींना टेकून नाकाची वाट बंद करत असते. गाठी काढल्या तर बोलणं आणखी नाकात जातं.

दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. उशीर केला तर बोलणं बिघडतं. लवकर केली तर व्रणाच्या ओढीने वरच्या जबड्याची वाढ खुंटू शकते. बोलण्याला झुकतं माप देतात, आणि ते योग्यच आहे. जबडा नंतर पुढे आणता येतो, उच्चारांची चुकीची सवय मोडणं फार कठीण.

जन्मानंतरची वाढ मोठी चमत्कारिक. १९५० च्या दशकापासून डेन्मार्कच्या अर्ने ब्यॉर्क यांनी मुलांच्या जबड्यांत टँटलम धातूच्या बारीक पिना बसवून वर्षानुवर्षं क्ष-किरण चित्रं घेतली. त्यांतून दिसलं की नाकाच्या तळाचं हाड वरून झिजतं आणि तोंडाच्या बाजूने त्यावर नवा थर बसतो. म्हणजे टाळू स्वतःला पाडत-बांधत खाली सरकते आणि वर श्वासाला जागा होते. अख्खा वरचा जबडा कवटीपासून खाली-पुढे जातो, पण त्याचा दर्शनी पृष्ठभाग मात्र झिजत असतो. लांबी वाढते ती मागच्या टोकाला हाड साठून, आणि तिथेच दाढांना जागा मिळते.

रुंदी वाढते मधल्या शिवणीत, आणि तिन्ही दिशांमध्ये रुंदीची वाढ सर्वांत आधी थांबते. लहानपणी ही शिवण सरळ असते, मग नागमोडी होते, वयात येताना तिचे दाते एकमेकांत घट्ट अडकतात. म्हणून अरुंद टाळू आणि उलटा बसणारा दाढांचा चावा असेल, तर ‘सगळे दात येऊ देत, मग बघू’ हा सल्ला चुकीचा. आठ-दहा वर्षांच्या मुलात दाढांना अडकवलेला स्क्रू दिवसातून दोनदा किल्लीने फिरवला, की दर वेळी साधारण पाव मिलिमीटर फाक होते. काही दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडते. पालक घाबरतात, पण शिवण उघडल्याची हीच खूण. ती फट पुढे बहुधा आपोआप मिटते. अठराव्या वर्षी हाच स्क्रू वापरला तर बरेचदा शिवण हलत नाही, नुसत्या दाढा बाहेर कलतात आणि हिरड्या उतरतात. मग हाडात पिन-स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते.

फिरवणं दोन-तीन आठवड्यांत संपतं, पण उपकरण त्यानंतरही तीन ते सहा महिने तोंडातच ठेवायचं. शिवणीतल्या फटीत तोवर पक्कं हाड भरलेलं नसतं, आणि आधीच काढलं तर मिळालेली रुंदी बऱ्याच अंशी परत जाते.