गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग : पूर्वखुणा आणि निदानाची भीती (ग्रामीण विदर्भ)

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग म्हणजे गर्भाशयाच्या आतील अस्तरातील पेशी अनिर्बंध वाढू लागल्याने होणारा कर्करोग. विदर्भातील खेड्यापाड्यांत ज्याला सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हटले जाते, त्यात हा रोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे दोन्ही मिसळलेले असतात. भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग कितीतरी अधिक आढळतो. तो बहुतांशी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो, आणि शिबिरांत ॲसिटिक आम्ल लावून केली जाणारी तपासणी त्याच्यासाठीच असते. अस्तराच्या कर्करोगाचा त्या विषाणूशी संबंध नाही. त्यामुळे शिबिरात ‘सगळे चांगले आहे’ असे सांगितले गेलेल्या बाईला पुढे रक्तस्राव झाला, तर त्या जुन्या निकालावर विसंबून राहता येत नाही. निरोगी स्त्रियांमध्ये हा रोग आधीच हुडकून काढील अशी सर्वमान्य चाचणीही नाही. म्हणून लक्षण ओळखणे हाच लवकर निदानाचा खरा मार्ग ठरतो.

हे लक्षण बहुधा ठळक असते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, मग तो कपड्यावरचा एकच डाग असो की गुलाबीसर पाणी, ही तपासणीस पात्र खूण होय. या कर्करोगाच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव आढळतो. मात्र असा रक्तस्राव होणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींनाच हा कर्करोग असतो. उरलेल्या बहुतेकींत अस्तर किंवा योनीमार्ग वयोमानाने पातळ व कोरडा होणे, अस्तरावर साधा कोंब उगवणे, संप्रेरकांची औषधे अशी कारणे निघतात. हे दोन्ही आकडे एकत्रच सांगायला हवेत, कारण पहिला एकटा सांगितला तर बाई घाबरते आणि दुसरा एकटा सांगितला तर ती घरीच थांबते. पाळी चालू असलेल्या वयात, विशेषतः पंचेचाळिशीनंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणे किंवा स्राव पूर्वीपेक्षा बराच जास्त दिवस चालणे हेही दाखवून घ्यावे. ओटीपोटात दुखणे, पोट फुगणे आणि वजन घटणे या खुणा बहुधा उशिरा येतात. त्यांची वाट पाहू नये.

लठ्ठपणा, मधुमेह, मूल नसणे, पाळी उशिरा जाणे, अंडाशयात अनेक गाठींचा विकार, तसेच स्तनाच्या कर्करोगासाठी घेतलेले टॅमॉक्सिफेन हे औषध यांमुळे धोका वाढतो. पाळी गेल्यावर चरबीतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होत राहते आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक नसल्याने अस्तर जाड होत जाते. थोड्या कुटुंबांत लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असतो. अशा घरांत मोठ्या आतड्याचा कर्करोगही पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. शेतात राबणारी सडपातळ बाई मात्र यातून आपोआप सुटत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत राणी बंग आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के होत्या. ती पाहणी कर्करोगाची नव्हती. पण अंगावरून जाणे हा बायकांनी सोसण्याचाच भाग आहे ही समजूत किती खोल मुरली आहे, हे तिच्यातून कळते. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत रोज बुडवून दवाखान्यात जाणे परवडत नाही, आणि डाग दिसलाच तर तो उन्हावर, जड ओझ्यावर किंवा ‘पाळी परत आली’ यावर ढकलला जातो. ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेले असते : ‘नाही बाई.’ तेच आशाताईने चुलीपाशी टेकून हळूच ‘काकू, पाळी जाऊन वरीस झाल्यावर पुन्हा डाग लागला का?’ असे विचारले, तर ‘हौ, लागला होता, पण उन्हानं असन’ असे उत्तर येऊ शकते. प्रश्न नेमका असला की संकोच थोडा सैल होतो.

निदानाची भीती एकपदरी नसते. कॅन्सर म्हणजे मरण ही एक भीती. उपचारापायी वावर विकावे लागेल ही दुसरी. आणि पुरुष डॉक्टरसमोर तपासणीला झोपावे लागेल ही बहुधा न बोललेली तिसरी. तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी जवळ असावी असे रुग्णाने मागणे रास्तच आहे. तुकडा काढला की रोग पसरतो असेही सर्वत्र बोलले जाते. अस्तराच्या नमुन्यामुळे रोग बळावतो ही धास्ती निराधार असून, या समजुतीने जितकी हानी केली तितकी तपासणीने कधीही केलेली नाही.

प्रत्यक्ष तपासणी लोक समजतात त्याहून लहान असते. आधी योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या स्त्रीत ती ४ मिलिमीटर किंवा कमी असल्यास कर्करोगाची शक्यता फार थोडी राहते. जाडी अधिक असल्यास, किंवा अस्तर पातळ असूनही रक्त पुन्हा पुन्हा येत असल्यास, नमुना घेतात. त्यासाठी प्लॅस्टिकची बारीक नळी गर्भाशयमुखातून आत सारून अस्तराचे कण ओढून घेतले जातात. काही मिनिटे पाळीसारखी कळ येते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. नमुना पुरेसा मिळाला नाही तर दुर्बिणीने आत पाहून किंवा भूल देऊन अस्तर खरवडून तो घ्यावा लागतो. नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन या द्रवात तो ठेवलेली लहानशी बाटली अनेकदा नातेवाइकाच्याच हाती देऊन प्रयोगशाळेत पाठवली जाते. अहवाल येईपर्यंतचे दिवस सर्वांत जड जातात. या काळात घरातल्या एकाला तरी खरे काय ते ठाऊक असावे.

अहवालाआधीच ‘पुढे कॅन्सर होईल’ असे सांगून पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. कर्करोग नसताना ती शस्त्रक्रिया बहुधा अनावश्यक ठरते, आणि तो असताना तयारीविना केली तर रोग कुठवर पोहोचला आहे हे नीट ठरवता येत नाही. निदान पक्के झाल्यावर गर्भाशय, बीजवाहिन्या आणि अंडाशये काढणे हा मुख्य उपचार असतो. गरजेनुसार किरणोपचार व केमोथेरपी दिली जाते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग गर्भाशयापुरता असताना उपचार झालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात असतात.

विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, तसेच सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय येथे दूरदूरचे रुग्ण येतात. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब आहे, हे ‘उद्या या’ म्हणणाऱ्याने ध्यानात ठेवावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांचा समावेश असून, संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांचे काम पाहतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र पहिल्याच फेरीत सोबत न्यावे.

उपचारानंतर रोग उलटला तर तो बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, म्हणून त्या काळात तपासणीच्या फेऱ्या जवळजवळच्या ठेवतात. गर्भाशय काढलेले असतानाही योनीमार्गातून रक्त आले, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता दवाखाना गाठावा.