‘दर्जा दिला’ की ‘चूक कबूल केली’? बेसबॉलमधल्या वर्णभेदाची पार्श्वभूमी

मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या, नोंदवहीतलं पहिलं नाव बदललं, कारण वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे आकडे तिच्यात जोडले गेले. कारकिर्दीतल्या सर्वोच्च बॅटिंग सरासरीचा (दर संधीमागे किती वेळा चेंडू मारून बेस गाठला, म्हणजे ‘हिट’ मिळवला, त्याचा) विक्रम वर्षानुवर्षं .३६७ वर होता, तो .३७२ झाला. नवा मानकरी जॉश गिब्सन जानेवारी १९४७ मध्येच वारला होता. त्यानंतर तीन महिन्यांनी ब्रुकलिनमध्ये ४२ क्रमांकाचा जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि मेजर लीगचं दार कृष्णवर्णीयांना पुन्हा उघडलं. म्हणजे ज्या स्पर्धेच्या विक्रमात आज गिब्सन सगळ्यांच्या वर आहे, तिचं दार त्याच्या हयातीत त्याला कधी उघडलंच नाही.

हे दार लावलं कसं गेलं, तो भाग थोडक्यात. १८८४ मध्ये टोलेडोच्या मेजर लीग संघात कृष्णवर्णीय कॅचर होता. १४ जुलै १८८७ ला मेजरच्या खालच्या एका लीगच्या मालकांनी मतदान घेऊन कृष्णवर्णीय खेळाडूंशी यापुढे नवे करार नकोत असं ठरवलं. बाजूने सहा, विरोधात चार. विरोधातल्या चारही संघांत तसे खेळाडू होते, बाजूच्या सहांत एकही नव्हता. मेजर लीगमध्ये मात्र असा लेखी नियम कधीच झाला नाही. सगळं समजुतीने चाललं आणि त्यामुळेच साठ वर्षं टिकलं, कारण कागदावर नसलेला नियम रद्द करा म्हणायचं तरी कुणाला?

फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीय संघांच्या मालकांनी स्वतःची लीग उभी केली. पुढे अशा एकूण सात झाल्या. त्यांना निग्रो लीग म्हणतात. शब्द आज खटकतो, पण त्यांनी स्वतः लावलेलं नाव म्हणून तो इतिहासात तसाच ठेवतात. प्रवास बसने, अनेकदा झोपही बसमध्येच, कारण वाटेतल्या हॉटेलांत जागा मिळत नसे. कॅन्सस सिटीच्या संघाने १९३० मध्ये ट्रकवर दिव्यांचे खांब आणि सोबत जनरेटर घेऊन गावोगाव रात्रीचे सामने भरवले. मेजर लीगचा पहिला रात्रीचा सामना व्हायला आणखी पाच वर्षं लागली.

१९४७ ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. ब्रुकलिनने १९४५ मध्ये रॉबिन्सनशी करार केला, तेव्हा त्याच्या कॅन्सस सिटीच्या मालकांना एक डॉलरही दिला नाही. १९४७ च्या जुलैत क्लीव्हलँडने नेवार्कच्या निग्रो लीग संघाकडून खेळाडू घेतला तो १५,००० डॉलर मोजून, तेही नेवार्कच्या मालकीणबाईंनी हक्क सांगितला म्हणून. खेळाडू गेले, पाठोपाठ प्रेक्षक गेले आणि १९४८ चा हंगाम संपताच एक मोठी निग्रो लीग बंद पडली. तिकडे मेजर लीगमधल्या बॉस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला तो जुलै १९५९ मध्ये.

खरा गुंता मात्र १९६९ चा आहे. आपल्याकडे ‘प्रथम श्रेणी’ सामना कोणता हे जसं ठरवावं लागतं, तसंच मेजर लीग कशाला म्हणायचं हे ठरवायला त्या वर्षी पाच जणांची समिती बसली. तिने १८७६ पासूनच्या सहा लीग मान्य केल्या. त्यात १८८४ मध्ये जेमतेम एक हंगाम चाललेली एक लीगही होती. तिच्यातला विल्मिंग्टनचा संघ १८ सामने खेळला, १६ हरला आणि हंगाम अर्धवट टाकून बंद झाला. ते १८ सामने मेजर लीगचे ठरले. निग्रो लीगचा विषय मात्र चर्चेलाही आला नाही. नाकारायला निदान विचार तरी करावा लागतो!

डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या सातही लीग मेजर मानल्या गेल्या. खेळाडू सुमारे ३,४००. मेजर लीगच्या त्या घोषणेच्या भाषेत दर्जा ‘उंचावण्या’चा सूर होता आणि तो अनेकांना बोचला. जुनी चूक दुरुस्त करतो आहोत, अशी कबुलीही सोबत होती. पण ही दोन वाक्यं एकत्र नांदत नाहीत. उंचावायचं तर ते आधी खाली असायला हवं.

आकडे जोडल्यावर दुसरा वाद उठला. निग्रो लीगच्या हंगामात लीगचे सामने साधारण साठ ते ऐंशी, मग इतक्या कमी सामन्यांच्या सरासरीची तुलना कशी करायची? आक्षेप अगदीच चूक नाही. पण २०२० मध्ये कोविडमुळे मेजर लीगचा हंगामही साठच सामन्यांचा झाला आणि त्याचे आकडे सगळ्यांनी मुकाट मान्य केले. खरी अडचण कागदांची आहे. या सामन्यांच्या बातम्या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत येत आणि प्रत्येक सामन्याचं स्कोअरकार्ड त्यांत छापून येत नसे.

निग्रो लीगमधल्या बर्मिंगहॅमकडून किशोरवयात खेळलेल्या, पुढे न्यूयॉर्क गाजवलेल्या सेंटरफिल्डर विली मेजच्या खात्यात १९४८ चे दहा हिट जमा झाले. ३,२८३ चे ३,२९३ झाले. त्याच हंगामात त्याने एक होमरनही मारल्याचा उल्लेख आहे, पण त्या सामन्याचं स्कोअरकार्ड सापडलेलं नाही. त्यामुळे होमरनच्या रकान्यात अजून ६६० च आहेत.