वाळवंटी रॅलीसाठी मोटारसायकल तयार करून घेताना

रॅलीची गाडी बांधून घ्यायला येणारे बहुतेकजण आधी इंजिनाच्या ताकदीचं विचारतात. आम्ही तो विषय सगळ्यात शेवटी घेतो. डाकार या सगळ्यात नावाजलेल्या वाळवंटी रॅलीत मोटारसायकलला ४५० सीसीची मर्यादा आहेच, आणि वेळ जातो तो वाट चुकण्यात.

मुळात ही रॅलीच वाट चुकण्यातून जन्मली. तिचे संस्थापक, फ्रेंच मोटारसायकलस्वार तिएरी साबीन १९७७ मध्ये लिबियाच्या वाळवंटात भरकटले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्यांची पहिली रॅली पॅरिसहून सेनेगलमधल्या डाकार शहराकडे निघाली. २००८ ची रॅली सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली, नंतर ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात होते. नाव मात्र अजून डाकारच!

रायडरला मार्गाचा नकाशा मिळत नाही. मिळतं ते रोडबुक: अंतर, वळणाचं छोटं चित्र, धोक्याची उद्गारचिन्हं (तीन दिसली की गॅस सोडायचा) आणि कॅप, म्हणजे किती अंशांच्या दिशेनं जायचं ते. जीपीएस वाट दाखवत नाही, वेपॉइंट, म्हणजे वाटेतला ठरलेला बिंदू, गाठल्याची नोंद करतं. वेपॉइंट हुकला की वेळेचा दंड. पूर्वी कागदी रोडबुक आदल्या संध्याकाळी मिळायचं आणि रायडर रात्री रंगीत पेनांनी खुणा करत बसायचे. आता ते टॅब्लेटवर, निघण्याच्या थोडंच आधी मिळतं, त्यामुळे ती उजळणी राहिली नाही.

म्हणून आम्ही सुरुवात नेव्हिगेशन टॉवरपासून, म्हणजे हँडलच्या पुढे रोडबुक आणि जीपीएस धरणाऱ्या उभ्या चौकटीपासून करतो. उभं राहून चालवताना मान न वाकवता तो वाचता आला पाहिजे आणि रोडबुक पुढेमागे सरकवायचं बटण डाव्या अंगठ्याखाली हवं. माप घ्यायला बूट, हेल्मेट आणि एअरबॅग जॅकेट घालूनच या. साध्या कपड्यांत घेतलेलं माप चुकतं.

इंधनाच्या टाक्या साधारण २५० किलोमीटर पुरतील अशा बसवतो. टायरमध्ये हवेच्या ट्यूबऐवजी मूस, म्हणजे फोमचं भरीव कडं असतं. ते पंक्चर होत नाही, पण सलग वेगात तापून विरघळतं. कडक जमिनीवर हे ध्यानात ठेवा. एअर फिल्टर सहज काढता येईल असा बसवतो, कारण बारीक धूळ इंजिनाचा घास घेते.

मॅरेथॉन टप्प्यात मेकॅनिक जवळ येऊ शकत नाही. तेव्हा गाडी नेण्याआधी मागचं चाक, क्लच केबल आणि फिल्टर तुमच्याच टूलकिटनं, आमच्यासमोर बदलून दाखवावं लागेल. कुठला बोल्ट अडला तर तो आम्ही तिथेच बदलतो.