दुपारी निजू दिलं नाही, तर मूल रात्री गाढ झोपतं?

सांगली-मिरजेत घरोघरी आजी सांगते, "दुपारी निजवू नकोस, रात्री लवकर झोपेल." माया खरी, समज चुकीचा. यात खरं एवढंच, की संध्याकाळी डुलकी घेतली, तर रात्री झोप उशिरा लागते. म्हणून चारच्या आत उठवा, दुपारची झोप बंद करू नका. अति दमलेलं मूल किरकिरतं, झोपेशी झगडतं, मध्येच रडत उठतं. १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप हवी. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३.

आणि रात्री खांद्यावर पूर्ण झोपवून मग गादीवर ठेवण्यापेक्षा डोळे जड झाले, की जागं असतानाच अंथरुणावर ठेवा. हात पाठीवर असू द्या. मध्यरात्री जाग आली तरी हळूहळू ते स्वतःच पुन्हा झोपायला शिकतं. सुरुवातीला रडेल, जवळच बसा.