वेडा कोणाला ठरवायचे? रशियन साहित्याला पडलेल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

१८३६ सालच्या शरद ऋतूत मॉस्कोच्या 'टेलिस्कोप' या नियतकालिकात प्योत्र चादायेव यांचे एक 'तत्त्वज्ञानविषयक पत्र' छापून आले. चादायेव हे नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढलेले माजी लष्करी अधिकारी होते. रशिया ना पूर्वेचा ना पश्चिमेचा, जगाच्या विचारात त्याने कशाचीही भर घातलेली नाही आणि पिढ्यांना बांधून ठेवणारी नैतिक परंपराही त्याच्यापाशी नाही, असे त्यांनी त्या पत्रात परखडपणे लिहिले होते. झार निकोलाय पहिला याने लेख वाचून हे एखाद्या वेड्याला शोभेल असे उद्धट बरळणे आहे, असा शेरा मारला आणि त्या शेऱ्याचेच पुढे सरकारी निदान झाले. गुप्त पोलिसांचे प्रमुख बेन्केन्डॉर्फ यांनी मॉस्कोच्या गव्हर्नर-जनरलना पाठवलेल्या पत्राची भाषा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. शुद्धीवर असलेला रशियन माणूस असे लिहिणे शक्यच नाही, म्हणून लेखकाविषयी सहानुभूती बाळगून त्याच्यावर उपचाराची व्यवस्था करावी आणि सध्याच्या दमट, थंड हवेचा त्याला त्रास होऊ नये म्हणून त्याने घराबाहेर पडू नये, अशी ती काळजीवाहू आज्ञा होती. नियतकालिक बंद झाले, संपादक नादेझ्दिन यांची दूर उत्तरेला रवानगी झाली आणि चादायेव यांना घरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुमारे वर्षभर काढावे लागले. पुढे काहीही न छापण्याच्या अटीवरच ही देखरेख उठली. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या बचावासाठी जो निबंध लिहायला घेतला, त्याला 'एका वेड्याचे समर्थन' असे नाव दिले.

वेड, नीती आणि जगण्याचा अर्थ हे तीन विषय एकोणिसाव्या शतकातील रशियन साहित्यात इतके एकमेकांत गुंतलेले का दिसतात, याचे उत्तर शोधायचे तर हे प्रकरण आधी ध्यानात घ्यावे लागते. पश्चिम युरोपात वेडाचा इतिहास सांगताना फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १६५६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या 'ओपिताल जेनेराल' या संस्थेपासून भिकारी, बेकार आणि वेडे यांना एकत्र कोंडण्याची जी प्रक्रिया दाखवली, तिचा पाया विवेक आणि अविवेक यांच्या विभागणीवर होता. रशियातील गोष्ट मला निराळी वाटते. तेथे वेडाचा शिक्का बसला तो अनेकदा विवेक गमावलेल्या माणसावर नव्हे, तर सदसद्विवेकबुद्धी शाबूत असलेल्या माणसावर.

याची मुळे चादायेव यांच्याही फार मागे जातात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत 'ख्रिस्तासाठी वेडे झालेल्यां'चा एक मान्य वर्ग होता. उघडेवाघडे, लोकांची टवाळी सोसत रस्त्यावर राहणारे हे लोक राजालाही तोंडावर खरे सुनावू शकत, कारण त्यांचे वेड देवाचे मानले जाई. मॉस्कोच्या लाल चौकातील प्रसिद्ध कॅथेड्रल आज ज्या वासिलीच्या नावाने ओळखले जाते, तो सोळाव्या शतकातील असाच एक वेडा संत होता. पुश्किन यांनी १८२५ साली पूर्ण केलेल्या 'बोरिस गोदुनोव्ह' नाटकात असा एक वेडा बालराजपुत्राच्या खुनाचा ठपका असलेल्या झारला सांगतो की, बालहत्या करणाऱ्या हेरोद राजासाठी प्रार्थना करता येत नाही. झार त्याला शिक्षा करत नाही. जुन्या रशियात वेड हे सत्य बोलणाऱ्याचे कवच होते. निकोलायच्या रशियात तेच सत्य बोलणाऱ्याची शिक्षा झाले.

या बदलाची चाहूल साहित्याला आधीच लागली होती. ग्रिबोयेदोव्ह यांच्या १८२४ मध्ये पूर्ण झालेल्या पद्यनाटकातला चात्स्की मॉस्कोच्या उच्चभ्रू समाजाला चार स्पष्ट गोष्टी ऐकवतो, तेव्हा मेजवानीत कुणीतरी तो वेडा असल्याची कंडी पिकवते आणि रात्र संपण्याआधी सगळे तसे मानू लागतात. चात्स्कीच्या नावात अनेकांना चादायेव यांच्या नावाचा ध्वनी ऐकू आला आणि पुढे प्रत्यक्षात जे घडले, ते या नाटकापेक्षा फारसे वेगळे नव्हते.

गोगोल यांची 'वेड्याची रोजनिशी' १८३५ ची. तिच्यातला पोप्रिश्चिन हा साधा कारकून आहे. साहेबाच्या खोलीत बसून त्याच्यासाठी पिसांच्या लेखण्या तासून देणे हे त्याच्या अभिमानाचे काम. त्याला सत्य सांगायचे नाही, मोठे व्हायचे आहे. आपण सरकारी उतरंडीत इतके खाली का, या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्याने तो स्वतःला स्पेनचा राजा समजू लागतो आणि रोजनिशीवर 'सन २०००, ४३ एप्रिल' अशी तारीख पडते. पण वेड्यांच्या इस्पितळात त्याचे मुंडण करून डोक्यावर थंड पाणी ओतले जाते, तेव्हा तो आईला हाक मारतो आणि त्या एका परिच्छेदात विनोदी कथा माणसाच्या यातनेची कथा होऊन जाते.

दस्तयेव्हस्की यांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. 'इडियट' (१८६८-६९) लिहिताना आपल्याला निखळ चांगला माणूस उभा करायचा आहे, असे त्यांनी भाचीला पत्रात लिहिले होते. तो माणूस, प्रिन्स मिश्किन, स्विस डॉक्टरांच्या उपचारांतून परततो आणि कादंबरीच्या शेवटी पुन्हा मनाच्या आजाराच्या त्याच अंधारात जातो. चांगुलपणा या जगात टिकतच नाही, असे म्हणण्याचे धाडस फार थोड्या कादंबऱ्यांनी इतक्या प्रेमाने केले असेल. 'कारामाझोव्ह बंधू'तला इव्हान निष्पाप मुलांच्या यातनांवर उभ्या असलेल्या विश्वसुसंवादाचे 'तिकीट' देवाला परत करतो. पण स्वतःच्या विचारांनी दुसऱ्याच्या हातून खून घडवला, हे कळल्यावर त्याची शुद्ध हरपते. येथे वेड हे युक्तिवादाचे खंडन नाही, अपराधाची जाणीव आहे.

टॉलस्टॉय यांना १८६९ मध्ये अर्झामास गावी मुक्कामाच्या रात्री अकारण मृत्यूभयाने घेरले. तो अनुभव त्यांनी १८८४ मध्ये 'वेड्याची टिपणे' या नावाने लिहायला घेतला आणि अपूर्णच ठेवला. त्यातला जमीनदार स्वस्तात इस्टेट विकत घ्यायला जातो आणि आपला नफा शेतकऱ्यांच्या गरिबीवर उभा राहणार, हे उमगल्यावर सौदा सोडतो. वैद्यकीय मंडळाने शहाणा ठरवलेला हा माणूस स्वतःला वेडा म्हणवतो, कारण इतरांना जे सहज जमते ते त्याला आता जमत नाही.

चेखोव्ह स्वतः डॉक्टर होते आणि १८९० मध्ये त्यांनी साखालिन बेटावरच्या कैद्यांची वसाहत डोळ्यांनी पाहिली होती. १८९२ च्या 'वॉर्ड नंबर सहा'मध्ये ती पाहणी मुरलेली आहे. गावातल्या इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर रागिन वाचनप्रिय आणि सौम्य आहेत. वॉर्डातला पहारेकरी निकिता रुग्णांना मुठीने बडवतो हे त्यांना ठाऊक आहे, पण ते दुःख शांतपणे सोसावे असे सांगणाऱ्या स्टोइक पंथातला रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याचा आधार घेतात की दुःख ही केवळ एक कल्पना आहे. रुग्ण ग्रोमोव्ह त्यांना जे उत्तर देतो, ते मला स्टोइक विचारावरच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा वजनदार वाटते. वेदना झाली तर मी ओरडतो, नीचपणा दिसला तर संतापतो आणि यालाच मी जीवन म्हणतो. पिंपात राहणारा तत्त्वज्ञ डायोजिनीस ग्रीसच्या उन्हात होता, त्याने रशियात हिवाळा काढून दाखवावा. एका वेड्याशी तासन्‌तास बोलतो म्हणून रागिन यांनाच शेवटी त्या वॉर्डात कोंडतात. निकिताचा ठोसा बसल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार येतो तो हा की, हीच वेदना ही माणसे वर्षानुवर्षे रोज सोसत आली आणि वीस वर्षांहून अधिक काळ आपल्याला ती कळली नाही, कळून घ्यायचीही नव्हती. दुसऱ्या दिवशी ते मरतात. तरुण लेनिनने ही कथा वाचल्यावर आपणच त्या वॉर्डात कोंडले गेलो असे वाटल्याचे सांगितले, अशी आठवण त्याच्या बहिणीने नोंदवली आहे.

त्याच लेनिनने उभारलेल्या राज्यात हा वॉर्ड पुन्हा उघडला. मनोरुग्णालयात डांबल्या गेलेल्या व्हालेरी तार्सिस यांनी आपल्या पुस्तकाला 'वॉर्ड सात' हे नाव चेखोव्ह यांची आठवण ठेवूनच दिले आणि ते १९६५ मध्ये परदेशात प्रसिद्ध झाले. सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञ प्राध्यापक स्नेझ्नेव्स्की यांच्या संप्रदायाने 'मंदगती स्किझोफ्रेनिया' हे निदान रूढ केले होते, ज्यात समाज सुधारण्याचा ध्यास हेही लक्षण धरले जाऊ शके. जीवशास्त्रज्ञ झोरेस मेद्वेदेव्ह यांना मे १९७० मध्ये घरातून उचलून कालुगा येथील मनोरुग्णालयात नेण्यात आले. सखारोव्ह, सोल्झेनित्सिन आणि इतर शास्त्रज्ञ-लेखकांच्या निषेधामुळे त्यांची एकोणीस दिवसांनी सुटका झाली. अशी सुटका फार थोड्यांच्या वाट्याला आली. जागतिक मानसोपचार संघटनेतून हकालपट्टी होण्याआधीच, १९८३ मध्ये, सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांची संस्था स्वतःहून बाहेर पडली. १९८९ मध्ये तिला अथेन्स येथे अटींवर पुन्हा प्रवेश मिळाला तो राजकीय कारणांसाठी मानसोपचाराचा गैरवापर झाल्याची जाहीर कबुली दिल्यानंतरच.