पार्श्वभूमी: एका पेराची किंमत

मागच्या पावसाळ्यात मी कुरिअरने मॉन्स्टेरा मागवला, पांढऱ्या पट्ट्यांचा. डब्यातून निघालं ते एक पान, लांब देठ आणि देठाच्या टोकाला गुंडाळलेलं ओलं शेवाळ. पाण्याच्या ग्लासात ते दोन महिने टवटवीत राहिलं, कोंब मात्र येईना. शेजारचे काकाजी चहाला आले तेव्हा त्यांनी ग्लास उचलून देठ उजेडात धरला. त्यांच्या घरी तीन पिढ्या पानमळा आणि पानपिंपरी, म्हणजे औषधी पिंपळीची वेल. म्हणाले, "याले पेर कोठी हाये? डोयाच नाई तं फुटन काय?"

पैसे गेले ते गेले. पण घरात वाढवायच्या दुर्मीळ वेलींची सगळी कथा या पेराभोवतीच, म्हणजे डोळा असलेल्या सांध्याभोवतीच फिरते, आणि तिचा एक धागा आपल्याच भागातून, विदर्भातून जातो.

1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात पानमळे करणाऱ्या बरई समाजातली एक गोष्ट आहे. पांडवांना अश्वमेधाच्या वेळी विड्याची पानं हवी होती आणि पृथ्वीवर तर पानवेल नव्हती. दूत पाताळात नागांच्या राणीकडे गेला. तिने करंगळीचं वरचं पेर कापून दिलं. ते जमिनीत लावलं आणि वेल फुटली. म्हणून ती नागवेल, म्हणून तिला फूल नाही, बी नाही, पेरं तोडून लावावी लागतात.

गोष्टीतलं निरीक्षण मात्र अगदी नेमकं आहे. नागवेलीत नर आणि मादी वेल वेगळे असतात, लागवडीतली वेल क्वचितच फुलते, आणि मळा वाढतो तो कांड्यांवरच. बोटाचं पेर, उसाचं पेर आणि वेलीचं पेर यांना मराठीत एकच शब्द आहे, हेही मला उगाच वाटत नाही.

नागवेल मूळची आग्नेय आशियातल्या दमट, सावलीच्या रानातली. मे महिन्यात 45 अंशांवर जाणाऱ्या मुलखात तिला जगवायचं तर तिच्यासाठी खोलीच बांधावी लागते, आणि पानमळा म्हणजे तेच. शेवरी, पांगारा, हादगा यांची सावली आणि आधार, चहूबाजूंनी वारा अडवणारं दाट कुंपण, थोडं थोडं पण सतत पाणी, मुळाशी पाणी साचू न देणं. वेल हाताबाहेर उंच गेली की ती खाली घेऊन मातीत गाडायची, म्हणजे उतरण. गाडलेल्या पेरांना नव्या मुळ्या सुटतात. अंजनगाव सुर्जी, अकोटकडची पानपिंपरी हीसुद्धा याच कुळातली, सावलीत वाढणारी वेल.

युरोपात हीच अडचण काचेने सोडवली. 1829 च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीवर ठेवून बाटली बंद केली होती. मातीतून नेचा आणि गवत उगवलं आणि कुणी पाणी न घालता जगलं, कारण बाष्प काचेवर जमून पुन्हा खाली झिरपत होतं. 1833 मध्ये अशाच बंद काचपेट्यांतून रोपं जहाजाने सिडनीला धाडली आणि ती जिवंत पोचली. पुढे चीनचा चहा हिंदुस्थानात आला तो अशाच पेट्यांतून. रानातली वेल दिवाणखान्यात आणायची वाट इथून मोकळी झाली. (आपल्याकडे मे महिन्यात तशी बाटली उन्हात ठेवली तर आतल्या रोपाची भाजीच होईल.)

मॉन्स्टेरा डेलिसिओसा मेक्सिको ते पनामाच्या रानातला; त्याला हे नाव 1849 मध्ये लिबमन या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. आपला मनीप्लांट पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा. तोही जवळपास कधीच फुलत नाही: 2016 च्या एका संशोधनात दिसलं की फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक, म्हणजे द्राक्षवाल्यांचं जीए, त्याच्यात जनुकाच्या पातळीवरच नीट बनत नाही. म्हणजे हाही नागवेलीसारखा पेरावरच जगणारा. मॉन्स्टेरा आणि मनीप्लांट दोघंही अळू-सुरणाच्या कुळातले. धोप्याची, म्हणजे अळूची, वडी कच्ची राहिली की घसा खाजतो ना, त्याच कारणाने यांचं पान जनावरांना खाऊ देऊ नये.

पांढऱ्या पट्ट्यांच्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून अशी वेल सावकाश वाढते, आणि सगळ्याच पेरांतून पट्टे उतरतात असंही नाही. टंचाई तिथूनच येते. कोरोनाच्या काळात घरात अडकलेल्या जगाने भाव कुठल्या कुठे नेले. जून 2021 मध्ये न्यूझीलंडमध्ये नऊ पानांचा एक पांढऱ्या छटेचा ऱ्हाफिडोफोरा टेट्रास्पर्मा, मॉन्स्टेरासारखा दिसणारा वेल, 27,100 न्यूझीलंड डॉलरना लिलावात गेला. पुढे टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून रोपं करून, अशा बऱ्याच वेलींचे भाव खाली आणले. केळीच्या जी-9 जातीची अशीच तयार झालेली रोपं लावणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

आता माझ्याकडे दोन डोळ्यांची कांडी आहे. आमचं गाव खारपाणपट्ट्याच्या काठावर, बोअरच्या खाऱ्या पाण्याने पानांची टोकं करपतात, म्हणून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवतो. कुंडी कुलरच्या खोलीत, पण झोतापासून बाजूला. आधाराला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्यांची मोळी, वरून काथ्या गुंडाळलेला. या वेलींची पानं वर चढताना मोठी होतात, लोंबकळत ठेवली की लहान राहतात.

काकाजी अधूनमधून येऊन बघतात. बिनपेराचं पान अजून ग्लासात हिरवं आहे, त्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. परवा जाताना त्यांनी दारातल्या मनीप्लांटचं एक पेर खुडलं आणि खिशात टाकलं. मी म्हटलं, "काकाजी, कुंडीच न्या ना."

"मांगून नेला तं लाभत नाई," म्हणाले आणि चप्पल घालू लागले.